मावशीच्या गावात 'बोर्गी' आली!

मुलांनो, सुट्टीत मावशीच्या गावी कोण कोण जातं? हात वर करा पाहू! अरे वा, जवळजवळ सगळेच! माझी मावशी मात्र फार लांब राहायची. आमच्या उमरेडहून एस.टी.नं नागपूरला यायचं, तिथून संध्याकाळी आगगाडीत बसायचं, रात्र डब्यात काढायची, की दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचं गाव. गाव कसलं, केवढं तरी शहर! कोलकाता. आमच्या घरात अजूनही त्याला सगळे 'कलकत्ता'च म्हणतात.

ही गोष्ट २०१२ सालच्या जानेवारीतली. माझं डी.एड. होऊन सहा-सात महिने झाले होते. शिक्षकांची भरती निघण्याचं काही चिन्ह दिसत नव्हतं. चार मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या आणि पेपरातल्या जाहिराती पाहायच्या, एवढाच उद्योग. अशात मावशीचा फोन आला, "नुसती बसून काय करतेस? ये की दहा दिवस."

"बाप्पा! एकटी? एवढ्या दूर?" आईनं लगेच डोक्याला हात लावला. बाबा मात्र दोन दिवस विचार करून म्हणाले, "जाऊ दे तिला. उद्या नोकरी लागली तर गडचिरोलीत एकटीला राहावं लागेल. तेव्हा काय करशील?"

शेजारच्या दादाला किल्ले चढायचा नाद. त्याची मोठी सॅक मागून आणली. आत काय काय भरलं म्हणता? चार कपडे, स्वेटर, पाण्याची बाटली, एक वही आणि आईनं दिलेला तिळाच्या लाडवांचा भलामोठा डबा. संक्रांत नुकतीच झाली होती ना! पाठीवर अशी सॅक अडकवून जे देशोदेशी हिंडतात त्यांना 'बॅकपॅकर' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते बिचारे मिळेल तिथं राहतात, मिळेल ते खातात. मी मुक्कामाला मावशीकडे, म्हणजे अर्धीच बॅकपॅकर! (आणि खरं सांगू का, मावशीकडे राहून फिरणं काही सोपं नसतं. नाश्ता केल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, दिवेलागणीच्या आत घरी, आणि दुपारी कुठे जेवलीस, काय जेवलीस याचा सगळा हिशेब रात्री द्यायचा. तंबूत राहणाऱ्याला एवढे नियम नसतील!)

हावडा स्टेशनवर काका घ्यायला आले होते. काका बँकेत. त्यांची बदली तिकडे होऊन चार वर्षं झाली होती. मला वाटलं आता टॅक्सी करतील. पण काका म्हणाले, "नवं शहर पहिल्यांदा पाण्यावरून बघावं." आणि सरळ धक्क्यावर घेऊन गेले. हावडा स्टेशनच्या समोरच हुगळी नदी आहे. गंगेचाच हा एक फाटा, म्हणून तिथली माणसं तिला गंगाच म्हणतात. चार-पाच रुपयांचं तिकीट काढून आम्ही बोटीत चढलो आणि मान वर केली तर काय! डोक्यावर हावडा ब्रिज!

हा पूल १९४३ साली वाहतुकीला खुला झाला. लांबी ७०५ मीटर. त्याला लागलेलं पोलाद साडेसव्वीस हजार टन, आणि त्यातलं बहुतेक सगळं आपल्या टाटांच्या कारखान्यात बनलेलं. एवढा अवाढव्य पूल, पण नदीच्या पात्रात एकही खांब नाही. दोन्ही काठांवर दोन उंच मनोरे आणि त्यांनी दोन्हीकडून हात लांब करून मधला रस्ता तोलून धरलेला. आणखी एक गंमत म्हणजे त्यात नट-बोल्ट नाहीत. लोखंडाचे तुकडे तापवलेले रिव्हेट ठोकून जोडलेत. मी आ वासून बघत राहिले. बोटीतल्या बाकी कुणी मान वर केली नाही. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतो? आपण तरी बघतो का?

पुलाच्या पायथ्याशी फुलांचा बाजार भरतो. पाण्याच्या कडेला झेंडूचे नारिंगी-पिवळे ढीग दिसत होते. अर्ध्या-पाऊण तासात आम्ही बागबाजारच्या घाटावर उतरलो. तिथून चालत मावशीचं घर. जुनी तीन मजली इमारत, हिरव्या लाकडी झडपांच्या खिडक्या, खाली घरमालक, वर मावशी.

दारात उभा होता मावशीचा मुलगा. तिसरीतला. बंगाल्यांत प्रत्येकाला दोन नावं असतात. शाळेतलं ते 'भालो नाम', म्हणजे चांगलं नाव, आणि घरातलं हाक मारायचं ते 'डाक नाम'. म्हणून मीही तुम्हाला त्याचं डाक नामच सांगते. छोटू!

छोटूनं पहिल्याच संध्याकाळी मला एक कागद दिला. "ताई, तू हरवशील. हा नकाशा ठेव."

मुलांनो, भूगोलाच्या तासाला आपण नकाशा काढतो. उत्तर दिशा, सूची, प्रमाण... छोटूच्या नकाशात यातलं काही नव्हतं. एका कोपऱ्यात घोड्यावर बसलेला माणूस होता आणि घोड्याची शेपटी चांगली वर उडालेली. तो श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकातला नेताजी सुभाषबाबूंचा पुतळा. मग मिठाईचं दुकान, एक झोपलेला कुत्रा (तो खरोखरच दहाही दिवस तिथेच झोपलेला होता!), शाळा, ट्रामचे रूळ आणि घाट. शाळेपुढे त्यानं काळ्या पेन्सिलीनं काहीतरी गिरवून खोडलं होतं. मी विचारलं, "हे काय रे?" तर "काही नाही" म्हणाला. मीही तेव्हा पुढे विचारलं नाही. चूकच झाली.

तो नकाशा घेऊन मी तीन दिवस हिंडले, आणि पहिल्याच दिवशी मला एक मोठा शोध लागला. मी निरक्षर आहे! सगळ्या पाट्या बंगालीत. मी, डी.एड. पहिल्या श्रेणीत पास झालेली मुलगी, रस्त्यात उभी राहून पहिलीतल्या मुलासारखी अक्षरं लावत होते. बंगाली अक्षरांना आपल्यासारखीच वरून रेघ असते. क, ग, न, म, ल जरा डोळे बारीक करून पाहिलं की ओळखू येतात. 'ब' आणि 'व' त्यांच्याकडे एकच. आणि आपल्या 'अ'चा उच्चार ते तोंड गोल करून करतात, त्यामुळे आपलं 'जल' तिथे 'जोल' होतं. दुपारपर्यंत मी 'औषध' ही पाटी वाचली आणि मला इतका आनंद झाला म्हणता! पहिलीतलं मूल 'कमळ' वाचून बाईंकडे का बघतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पण आकड्यांनी फसवलं. कोपऱ्यावरच्या दुकानात जयनगरचे 'मोआ' होते. साळीच्या लाह्या आणि खजुरीच्या झाडाच्या रसाचा नवा गूळ घालून केलेले लाडू, फक्त हिवाळ्यात मिळणारे. खोक्यावर किंमत लिहिलेली ८०. बाई गं, एवढे महाग! तीन दिवस नुसता वास घेऊन मी पुढे जात राहिले. चौथ्या दिवशी छोटू बरोबर होता. तो खो खो हसत सुटला. बंगालीतला चारचा आकडा हुबेहूब इंग्रजी आठासारखा दिसतो! मोआ चाळीस रुपयांना होते. तेव्हा मुलांनो, परक्या गावी गेलात तर आधी तिथले आकडे शिकून घ्या. अक्षरं नंतर शिकलात तरी चालेल.

ट्राममध्येही बसले. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, ती आईबाबांनीसुद्धा पाहिलेली नसेल, आजोबांना विचारा. कोलकात्यात मात्र तेव्हा ती बऱ्याच रस्त्यांवर धावत होती. आता तिचे मार्ग फारच थोडे उरलेत. विजेवर चालणारी, दोन डब्यांची, सायकलवाल्यानंही मागे टाकावी अशी आरामशीर गाडी. ठण् ठण् घंटा वाजवत चालते. ट्राममधून मी कॉलेज स्ट्रीटला गेले, परत येताना बसनं आले. तिथल्या बसमध्ये बाईमाणूस उतरायचं असलं की कंडक्टर दारावर थाप मारून ड्रायव्हरला ओरडतो, "आस्ते, लेडीज!" म्हणजे सावकाश, बाई उतरताहेत. मी सॅक सावरत उतरताना माझ्यासाठी कुणी एवढं ओरडतंय, याची मला भारी मौज वाटायची.

जमिनीखालच्या मेट्रोनं म्युझियमलाही गेले. भारतातली पहिली मेट्रो कोलकात्याचीच, १९८४ ची. आणि हे इंडियन म्युझियम तर १८१४ सालचं. बंगालीत त्याला 'जादूघर' म्हणतात. किती छान शब्द आहे! इजिप्तची ममी आहे तिथे. पण मी जास्त वेळ रेंगाळले ते भारहूतच्या स्तूपाच्या लाल दगडी कठड्याजवळ. जातककथांतले हत्ती, हरणं, माकडं दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्या दगडांवर कोरून ठेवली आहेत. तुमच्या पुस्तकातल्या गोष्टी, पण चित्रं दगडात!

असो. हे सगळं तुम्ही कधीतरी जाऊन बघालच. मला सांगायची आहे ती चौथ्या रात्रीची गोष्ट.

थंडी चांगली पडली होती. खाली घरमालकांची आई राहायची, सगळे तिला 'ठाकुमा' म्हणत. ठाकुमा म्हणजे आजी, वडिलांची आई. रोज रात्री ती आपल्या दीड वर्षाच्या पणतीला थोपटत एक गाणं म्हणायची. हळू, लांबवलेल्या सुरात. जिन्यातून ते वर ऐकू येई. शब्द कळत नव्हते. एक शब्द मात्र पुन्हा पुन्हा कानावर पडे. बोर्गी.

"छोटू, बोर्गी म्हणजे काय रे?"

छोटू पांघरुणात होता. थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "आपण."

"आपण म्हणजे?"

"आपण मराठी लोक. ते घोड्यावरून येतात, धान्य लुटतात, घरं जाळतात. मूल झोपत नसलं की सांगतात, झोप, नाहीतर बोर्गी येईल. ताई, शाळेत मला दोन मुलं बोर्गी म्हणतात. डब्यात हात घातला की म्हणतात, बघा, बोर्गी लुटायला आला."

नकाशातली ती काळी पेन्सिल माझ्या डोळ्यांपुढे आली.

मुलांनो, आपल्याला लहानपणी 'बागुलबुवा येईल' म्हणून झोपवतात ना? विचार करा, तुम्ही दुसऱ्याच्या गावी गेलात आणि कळलं की तिथला बागुलबुवा म्हणजे तुम्हीच! मला तर आधी रागच आला. मी नागपूरकडची. रघुजी भोसल्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकत वाढलेली. आमच्याकडे म्हणतात, त्यांच्या फौजांनी बंगालपर्यंत धडक मारली. ते वाक्य म्हणताना आमची मान ताठ होते. त्या धडकेच्या पलीकडच्या टोकाला कोण उभं होतं, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"ताई, खरंच आपण वाईट होतो का?" छोटूनं विचारलं.

उद्या बाई होणार होते मी. पण मला उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगते," म्हणाले. बाई लोक असंच म्हणतात, माहीत नसलं की!

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या कपाटातली इतिहासाची पुस्तकं काढली, मग कॉलेज स्ट्रीटला गेले. हा रस्ता म्हणजे पुस्तकांचाच बाजार. दोन्ही बाजूंना टपऱ्या आणि त्यांत छतापर्यंत रचलेली पुस्तकं. एका म्हाताऱ्या दुकानदारांना मी मोडक्यातोडक्या हिंदीत काय हवं ते सांगितलं. त्यांनी तासभर बसवून घेतलं, चहा पाजला.

तर ऐका. आपल्याकडे घोडेस्वारांचे दोन प्रकार असायचे. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. या 'बारगीर'चंच बंगालीत झालं 'बोर्गी'. १७४२ साली नागपूरच्या रघुजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. बंगालचा नवाब होता अलीवर्दीखान. त्याच्याकडून चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा मिळावा ही मागणी. नवाब देईना. मग दहा-एक वर्षं स्वाऱ्या चालल्या. बरद्वान, बांकुडा, मेदिनीपूर या भागांतली कितीतरी गावं उजाड झाली. आता सांगा, चौथाईचं भांडण नवाबाशी, पण ज्याचा भात कापून नेला तो शेतकरी होता, ज्याचा माग जळला तो विणकर. गंगाराम नावाच्या एका बंगाली कवीनं त्याच काळात याचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात लोक गाव सोडून पळताना दिसतात. पंडित पोथ्या घेऊन, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. ज्याच्या त्याच्या हातात ज्याचं त्याचं पोट.

नवाबानंही काही धर्मराजासारखं केलं नाही हं! १७४४ साली भास्कररामांना बोलणी करायला म्हणून तंबूत बोलावलं आणि त्यांना व त्यांच्या सरदारांना दग्यानं मारलं. त्याचा सूड म्हणून आणखी स्वाऱ्या झाल्या. शेवटी १७५१ साली तह झाला. नवाबानं दरसाल बारा लाख रुपये चौथाई कबूल केली आणि ओडिशाचा वसूल भोसल्यांकडे गेला. स्वाऱ्या थांबल्या. गाणं मात्र थांबलं नाही.

दुकानदारांनी निघताना आणखी एक नाव सांगितलं. सखाराम गणेश देउस्कर. "तुम्ही महाराष्ट्रातल्या, आणि तुम्हाला ठाऊक नाहीत?" मला खरंच ठाऊक नव्हते. मराठी घराण्यातला हा माणूस १८६९ साली देवघरजवळ जन्मला, शाळेत मास्तर झाला आणि त्यानं १९०४ साली बंगालीत 'देशेर कथा' हे पुस्तक लिहिलं. इंग्रजांनी आपला देश कसा नागवला, त्याचा हिशेब त्यात होता. बंगालच्या तरुणांनी ते इतकं वाचलं की १९१० साली इंग्रज सरकारनं त्यावर बंदी घातली. बंगालमध्ये शिवाजी उत्सव सुरू करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

मी घरी येऊन हे सगळं छोटूला सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे हे चांगले बोर्गी?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "पण ते आधीचे शिवाजी महाराजांनी पाठवले होते का?"

हा प्रश्न त्याला किती दिवस छळत असेल! मी म्हटलं, "नाही रे राजा. महाराज १६८० साली गेले. हे त्यानंतर साठ-बासष्ट वर्षांनी. आणि महाराजांनी १६७३ साली चिपळूणच्या आपल्याच फौजेला पत्र लिहून बजावलं होतं, की रयतेच्या दाण्याला, भाजीला हात लावाल तर खबरदार. जे लागेल ते बाजारातून विकत आणा." छोटू उठून बसला. "मग यांनी ते पत्र वाचलं नव्हतं?"

याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं एक गल्ली शोधायला निघालो. बागबाजारातच आहे, मावशीच्या घरापासून दहा मिनिटांवर, पण चार वर्षांत मावशी तिथे कधी गेली नव्हती. पाटी मीच वाचली, एकेक अक्षर लावत. 'मराठा डिच लेन'. डिच म्हणजे खंदक. १७४२ साली बोर्गी येणार अशी आवई उठली तेव्हा कोलकात्याच्या लोकांनी इंग्रजांबरोबर शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैल खणायचा बेत. सहा महिन्यांत तीन मैल झाला. पण बोर्गी काही शहरापर्यंत आलेच नाहीत, मग लोकांचा उत्साह संपला आणि खंदक अर्धाच राहिला. अठराव्या शतकाच्या शेवटी तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला. ज्या मोठ्या रस्त्यावरून मी रोज बस पकडत होते, तोच हा रस्ता. आमच्या भीतीनं खणलेल्या खंदकावरून मी तिकीट काढून जात होते!

गल्लीत बघण्यासारखं काय होतं म्हणाल तर काहीच नाही. अरुंद रस्ता, एक पाण्याचा नळ, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि क्रिकेट खेळणारी पाच-सहा मुलं. त्यांचा चेंडू आमच्याकडे आला. छोटूनं परत फेकला. एका मुलानं विचारलं, "खेलबी?" खेळतोस का? छोटू माझ्याकडे बघून पळाला. मी तासभर एका ओट्यावर बसून होते. छोटू दोनदा शून्यावर बाद झाला.

संध्याकाळी मी लाडवांचा डबा घेऊन ठाकुमाकडे गेले. मावशीकडे तिची ये-जा होती, पण मी अजून नीट बोलले नव्हते. पोटात धाकधूक होती. "एशो मा, एशो," तिनं जवळ बसवलं. मी सांगितलं, छोटू बंगालीत सांगत होता, की मी नागपूरची. ज्या गावाहून बोर्गी आले, तिथली.

ठाकुमा म्हणाली, "मला ठाऊक आहे. घर भाड्यानं दिलं तेव्हाच तुझ्या काकांनी सांगितलं होतं." मग तिनं तिची गोष्ट सांगितली. तिचं माहेर बांकुडा जिल्ह्यातलं बिष्णुपूर. तिथे 'दलमादल' नावाची प्रचंड तोफ आहे. बोर्गी चालून आले तेव्हा म्हणे राजा घाबरून देवापुढे बसला, आणि मदनमोहनानं, म्हणजे प्रत्यक्ष श्रीकृष्णानं, स्वतः ती तोफ डागून त्यांना पिटाळलं. "सकाळी पुजाऱ्यानं पाहिलं तर देवाच्या हाताला दारू लागलेली! तोच मदनमोहन पुढे राजानं गहाण ठेवला, तो इथे बागबाजारात आला. उद्या दाखवते तुला."

देवानं तोफ डागली ती आमच्यावर! असं काही ऐकायची सवय नव्हती मला. आपल्या गोष्टींत देव नेहमी आपल्याच बाजूला असतो, नाही का? मी काही बोलले नाही. डबा उघडून पुढे केला आणि आपल्या पद्धतीनं म्हटलं, "तिळगूळ घ्या, गोड बोला." छोटूनं अर्थ सांगितला. ठाकुमानं एक लाडू उचलला, दातांनी जमेना म्हणून फोडून अर्धा पणतीच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "पूर्वी बोर्गी यायचे ते चौथाई न्यायला. आता लाडू घेऊन येतात. माझ्या आजीला सांगितलं तर तिचा विश्वास बसायचा नाही!" आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या रात्री जिन्यातून गाणं ऐकू आलं. तेच. मी म्हणणार होते छोटूला, कान झाक म्हणून. पण तो आधीच झोपला होता.

सोमवारी उरलेले लाडू छोटूनं शाळेत नेले. संध्याकाळी मी दारातच उभी. "काय रे, काय म्हणाली ती मुलं?"

"काही नाही. सगळे लाडू संपवले."

"आणि डबा?"

"तो पण लुटला," छोटू म्हणाला, आणि घाटाकडे खेळायला पळाला.

आईचा तो पितळी डबा! दोन दिवसांनी एका मुलाच्या आईनं तो घासूनपुसून, आत नव्या गुळाचे संदेश भरून पाठवला, म्हणून मी घरी ओरडा खाण्यापासून वाचले. मंगळवारी ठाकुमाबरोबर जाऊन मदनमोहनाचं दर्शनही घेतलं. कुमारटोलीत सरस्वतीपूजेसाठी मूर्ती घडत होत्या, त्याही पाहिल्या. बांबूच्या सांगाड्यावर पेंढा बांधून त्यावर गंगेची माती चढवतात. रंग नाही, डोळे नाहीत, नुसती ओली माती. पण हातात वीणा धरायची जागा तयार!

आता मी शाळेत शिकवते. चौथीचा वर्ग आहे. इतिहासाच्या तासाला मुलं विचारतात, "बाई, मग पुढे नागपूरच्या भोसल्यांनी काय केलं?" तेव्हा मी फळ्यावर अर्धा खणलेला खंदक काढते आणि अलीकडचीही गोष्ट सांगते, पलीकडचीही.

छोटू आता एकवीस-बावीस वर्षांचा आहे. काकांची बदली कधीच झाली, पण त्याची बंगाली अजून पक्की आहे. गेल्या हिवाळ्यात तो पाठीवर सॅक अडकवून आमच्याकडे आला. नागपूरला महालात जाऊन भोसल्यांचा वाडा बघायचा होता त्याला. माझी मुलगी पहिलीत आहे. तिनं कागद-पेन्सिल घेतली आणि मामासाठी नकाशा काढला. बसस्टँड, तलाव, आमची शाळा, तर्री-पोह्यांची गाडी. आणि एका कोपऱ्यात झोपलेला कुत्रा. आमच्या गल्लीत कुत्रा नाही. विचारलं तर म्हणाली, "मामानं सांगितलं, नकाशात तो लागतोच."